वादळाच्या नावावर पावती

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या खळ्यातला परगोला त्यात गेला. विचारेल त्याला पुढे मी हेच सांगत आले. शंका घ्यायचं कुणाला कारणही नव्हतं. आसपासच्या वाड्यांमध्ये सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या, कौलं उडाली होती, विजेचा पत्ता नव्हता. त्या मोठ्या नुकसानीत माझे चार खांब बेमालूम मिसळून गेले. वादळाने खरं तर फक्त धक्का दिला. परगोला आधीच खलास झाला होता, आणि तो मी केला होता.

हौस माझीच. पुण्यात एका ओळखीच्यांच्या गच्चीवर पाहिला होता: काळे चौकोनी पाईप, वर पारदर्शक पत्रा, खाली लाकडी फळ्या, दिव्यांची माळ. गावी काकांना फोन केला तर म्हणाले, "घाल की. पण उतरवायचा कधी?" मला प्रश्नच कळला नाही. आमच्या खळ्यात पूर्वापार मांडव असायचा. दिवाळीच्या सुमाराला सुपारीचे खांब रोवायचे, बांबू आडवे बांधायचे, वर झावळ्या टाकायच्या. आणि आगोटीची कामं निघाली की सगळं सोडवून बांबू पडवीत आढ्याला टांगायचे. दर वर्षीची ही यातायात मला अडाणीपणाची वाटायची. "काका, हा कायमचा आहे," मी ऐटीत सांगितलं. फॅब्रिकेटरने दहा वर्षांची तोंडी हमी दिली होती. ती दहा वर्षं पुण्याची होती. पुण्यात वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो, दापोलीकडे ३००० च्या वर. शिवाय आमच्याकडे रात्री समुद्राची गाज अंथरुणात ऐकू येते. गाज येते तिथे मीठही येतं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

घोटाळा पायापासून झाला. पाईप थेट सिमेंटात गाडले. वरची तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद केली होती, त्या पहिल्याच पावसात निघाल्या. वरून पाणी आत शिरायचं आणि खाली जायला वाट नव्हती. पायाशी एक भोक ठेवलं असतं तरी निम्मं काम झालं असतं. खांब जमिनीच्या वर, पत्र्याच्या बैठकीवर बोल्टने उभे केले असते तर आणखी बरं. बाहेरून काळेभोर दिसणारे खांब आतून सडत होते आणि मी त्यांच्यासमोर फोटो काढून घेत होते.

पावडर कोटिंगवर माझा फार विश्वास होता. हे कोटिंग कारखान्यात भट्टीत भाजून पक्कं करतात. आमच्याकडे मात्र भाजलेले पाईप आणून खळ्यात कापले आणि तिथेच वेल्डिंग केलं. सांध्यांवरचं कोटिंग जळून गेलं. त्यावर डब्यातला काळा रंग फासला आणि काम झालं म्हणून मी पैसे दिले. दुसऱ्या पावसानंतर प्रत्येक सांध्यापाशी फोड आले. नखाने टोकरलं की पापुद्रा निघायचा आणि खाली तांबूस भुगा. सगळं कापून, जोडून झाल्यावर सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून आणला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तसं करणारी जागा आमच्या गावाजवळ नाही, आणि ट्रकचं भाडं वाचवण्यात मला शहाणपण वाटलं होतं.

एक गोष्ट मला बराच काळ उलटीच वाटत होती. पावसात थेट भिजणाऱ्या बाजूपेक्षा पत्र्याखालची, आडोशाची बाजू जास्त गंजली होती. काकूंनी पडवीतला पंखा दाखवला. थेंबही न लागणारा पंखा, त्याच्या पात्यांवर गंजाचे ठिपके. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ उघड्या जागी पावसाने धुऊन जातं. आडोशाला ते तसंच बसून राहतं आणि हवेतला दमटपणा ओढून लोखंड ओलं ठेवतं. म्हणजे पाऊस शत्रू, छप्पर मित्र, हा माझा सरळसोट हिशेब किनाऱ्यावर चालत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याचा पाईप फिरवायचा, इतका साधा उपाय. मी 'मेंटेनन्स फ्री' घेतलं होतं, त्यामुळे पाण्याला हात लावला नाही.

स्क्रूच्या बाबतीत तर मी स्वतःला हुशार समजत होते. दुकानात लोहचुंबक लावून पाहिला. चिकटला नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस. पण हलक्या प्रतीच्या २०२ लाही चुंबक फारसा चिकटत नाही, ३०४ लाही नाही आणि ३१६ लाही नाही. खाऱ्या हवेसाठी ३१६ लागतं, कारण त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. चुंबकाला ते कळत नाही. माझे स्क्रू पहिल्या वर्षीच चहाच्या रंगाचे झाले.

छपराचा पॉलिकार्बोनेट पत्रा उलटा बसला. उन्हापासून वाचवणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू ओळखायला वरच्या फिल्मवर छापलेलं असतं. लावायच्या आधी ती फिल्म मीच सोलून ठेवली होती, कामगारांना मदत म्हणून! पत्रा पिवळा पडला, पोकळ नळ्यांमध्ये शेवाळ वाढलं. फळ्यांबद्दल काय बोलावं. खोक्याच्या लाकडाला चकचकीत व्हार्निश. जमिनीवर सपाट ठोकलेल्या. वाळवीला ताट वाढून दिलं होतं.

वादळाच्या दिवशी टाळेबंदीमुळे आम्ही गावीच होतो. वारा पत्र्याखाली शिरला आणि छप्पर सांगाड्यासकट उचललं गेलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खांब पायाशी कापल्यासारखे तुटले होते, आणि तुटलेली कड जुन्या गंजाची होती. चकाकणारं ताजं लोखंड जेमतेम एका कोपऱ्यात दिसत होतं. ते मी पाहिलं, आणि पायाने माती सारली. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा मी परगोल्याकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "ते राहू दे, आधी सुपाऱ्या मोजा." परगोल्याला कागदावर रकानाच नव्हता, म्हणून सरकारी दप्तरात माझं खोटं गेलं नाही, इतकंच. त्या दिवशी घराचीही कौलं गेली, तेव्हा जुनं ते सगळं टिकलं असंही नाही. पण जांभ्याच्या चौथऱ्याला काही झालं नाही. पडवीतला फणसाच्या फळीचा झोपाळा पितळी कड्यांसकट जागेवर होता. मांडवाचे बांबू अर्थात कधीचे बाजूला पडून होते. माझ्या परगोल्यापायी त्या वर्षांत मांडव घातलाच नव्हता.

काकांनी सिमेंटातले खुंट अजून काढू दिलेले नाहीत. त्यांना वाटतं, ठेच लागली तर मला लागेल. खळ्यात आता पुन्हा मांडव पडतो. बसायला जांभ्याचा कट्टा बांधून घेतला, त्यात सांधे नाहीत आणि स्क्रूही नाहीत. शेवाळ मात्र धरतं, ते भाद्रपदात घासावं लागतं. दोन लाकडी खुर्च्या आहेत, त्यांना मी मे महिन्यात काजूच्या टरफलाचं तेल लावते. हात काळे होतात, कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालते. सुपारीचे खांब जेमतेम दोन-तीन हंगाम निघतात. यंदा दोन बदलायचे आहेत.