पूतनेचे नाक

निमाती घाटावरून बोट सुटली की ब्रह्मपुत्रेच्या पात्रात तासभर काठ हरवतो आणि मग माजुली बेट दिसू लागते. बोटीवर मोटारसायकली, भाजीच्या पाट्या आणि त्यांच्या मधोमध आम्ही उभयता. "चिखलच कालवायचा तर आपलं पेण काय वाईट होतं?" सौ.ने विचारले. प्रश्न बिनतोड होता. पण लहानपणी मी शाडूचे गणपती केले होते. माती आपल्याला नवी नाही, अशा घमेंडीत मी सामगुरी सत्रात मुखवटे शिकायला निघालो होतो.

सत्र म्हणजे वैष्णवांचा मठ. शंकरदेवांनी (१४४९–१५६८) आसामात भक्ती पोचवली ती बरीचशी नाटकांतून. आपल्या एकनाथांनी भारुडातल्या सोंगांकडून जे काम करवून घेतले, तेच तिकडे 'भाओना' करते. तिच्यातले रावण, गरुड, पूतना मुखवटे घालून येतात. १६६३ साली स्थापन झालेल्या सामगुरी सत्राची ख्याती या मुखवट्यांचीच. तिथले हेमचंद्र गोस्वामी २०२३ साली पद्मश्री झाले आणि २०२४ मध्ये या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

पहिल्या दिवशी मी अस्तन्या सारून बसलो, तर गुरुजींनी हातात कोयता आणि भिजवलेला बांबू दिला. माती नाहीच! कामट्या काढायच्या आणि त्यांची षट्कोनी जाळी विणायची. दोन दिवसांत बोटे सोलून निघाली. पुढे कुंभारमातीच्या रबडीत बुडवलेले सुती कापड त्या सांगाड्यावर चिकटवायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा थर द्यायचा. त्यानंतर कुठे शेणमातीचा गोळा हाती येतो आणि भुवया, गाल, ओठ उमटू लागतात. नुसती माती वाळताना तडकते. शेणातला चोथा तिला धरून ठेवतो. बांबूच्या पातीने घोटायचे. भट्टी नाही, सगळा भार उन्हावर.

माझ्या वाट्याला पूतना आली. तिला मी असे काही टोकदार नाक काढले, की बाजूची पोरेही काम थांबवून बघू लागली. सकाळी पाहतो तो नाक घसरून ओठावर बसलेले! गणपतीच्या सवयीने मी ते एका दमात, भरीव ओल्या मातीचे केले होते. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तो मुखवटा स्वतःच्या तोंडाला लावला आणि आतून काहीतरी बोलले. मला एक अक्षर कळले नाही.

"आतला माणूस विसरलात," मुखवटा काढून ते हिंदीत म्हणाले. "त्याला दिसायला हवं, श्वास घ्यायला हवा, बोलायला हवं."

मी आपला समोरूनच बघत होतो. नाक पुन्हा केले. या वेळी आधी कामट्यांचे, पोकळ. मग मातीचे पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा.

ऊन आपले काम करीत होते तेव्हा आम्ही सालमोऱ्याला गेलो. तिथे कुंभारांच्या बायका चाकाशिवाय, नुसत्या हातांनी मडकी घडवतात. भट्टीला नदीतून वाहत आलेली लाकडे. "तुमचं घर कुठलं?" सौ.ने एकीला विचारले. मातीने भरलेला हात तिने वर केला आणि नदीच्या मध्यावर बोट दाखवले. आधीचे घर तिथे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे १,२५० चौरस किलोमीटर असलेले हे बेट आज निम्म्याहूनही कमी उरले आहे. दुसरे काही विचारायचे सुचेना. सौ.ने दोन मडकी घेतली, भाव न करता.

बाराव्या दिवशी पूतना रंगली. सत्रातल्या एका पोराने ती चढवली, मान वेळावली आणि आतून खणखणीत आवाज आला. गुरुजींनी प्रथमच मान डोलावली. मुखवटा उतरवून पोराने मला विचारले, "पौर्णिमेला रास आहे. तोवर ठेवू?"

दिवाळीनंतरची कार्तिकी पौर्णिमा! आमची परतीची तिकिटे कधीच काढून झाली होती. मी सौ.कडे पाहिले. घरी शोकेसमधला वरचा कप्पा तिने निघतानाच रिकामा करून ठेवला होता.

"ठेव," तीच म्हणाली.

बोट निघाल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग मांडीवरची मडकी सावरत म्हणाली, "नाक मात्र अजून किंचित डावीकडे आहे हं."