चंदीगड : खाणे आणि भटकणे

मित्रमंडळींसोबत शनिवार-रविवार घालवायला चंदीगड झकास! इथे पत्ता सेक्टरच्या क्रमांकाने सांगतात. एक सेक्टर साधारण १२०० मीटर लांब, ८०० मीटर रुंद. म्हणून पायी भटकणे सहज जमते. शनिवारी सेक्टर १७ च्या वाहनमुक्त चौकात खरेदी, रात्री सेक्टर ३५ मध्ये दाल मखनी आणि गरम नान. रविवारी छोले-भटुरे, लस्सी घेऊन सुखना तलावाकाठी फिरावे व जवळचे रॉक गार्डन गाठावे. नेकचंद यांनी १९५७ पासून फुटक्या बांगड्या, कपबश्यांतून ते गुपचूप घडवले. बेकायदा असूनही लोकांमुळे ते वाचले, १९७६ मध्ये खुले झाले. २०२५ मध्ये मात्र रस्ता रुंद करण्यासाठी त्याच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला. तेव्हा मुलांनाही ते आवर्जून दाखवा!