फवारा सगळ्यात शेवटी

डोंबिवलीत माती विकत घ्यावी लागते. कल्याण-शीळ रस्त्याकडच्या नर्सरीतून लाल मातीची गोणी आणायची, कुंड्या भरायच्या आणि पहिल्याच मे महिन्यात ती माती विटेसारखी कडक झालेली पाहायची, हे इथल्या बहुतेक गच्चीबागांचं होतं. डोंगर पोखरून आणलेल्या त्या मातीत कुजलेला पालापाचोळा नसतो, त्यामुळे जिवाणूंना खायला काही नसतं. इमारतीच्या आवारात खणावं, तर डेब्रिज आणि फरशीचे तुकडे निघतात. म्हणून आमच्याकडे बागकामाची सुरुवात रोपापासून करून चालत नाही. आधी माती तयार करावी लागते.

मला हे श्री. अ. दाभोळकरांच्या ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकाने शिकवलं. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकऱ्याला हाताशी असलेल्या साधनांत प्रयोग करायला लावले. शहरातल्या गच्चीलाही हे विचार लागू पडतात, हे प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर दाखवून दिलं. कँटीनचा ओला कचरा तिथेच जिरवून त्यांनी भाज्या आणि फळझाडं वाढवली. ज्या गावाने कल्याणमधल्या आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराचा धूर वर्षानुवर्षं नाकात घेतला, तिथल्या माणसाला त्या कँटीनची गोष्ट फार जवळची वाटते.

माती तयार करण्यासाठी लागणारं अमृतजल मी करते ते असं: दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ काठीने ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून वापरायचं. नळाचं पाणी मी आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवते, क्लोरीन उडून जावं म्हणून. शेणाचं म्हणाल तर कल्याणचे तबेले म्हशींचे. सुभाष पाळेकरांच्या जीवामृताला देशी गायच हवी, अशी त्यांची अट आहे. मला मलंगगडाच्या वाटेवरच्या एका गावातून गावठी गाईचं शेण मिळतं, ते मी आणते. नाही मिळालं तर म्हशीचं ताजं शेण घालते आणि त्यानेही पालापाचोळा कुजतो. शेण ताजं असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पालापाचोळा मात्र फुकट आणि भरपूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीतले बदाम आणि पर्जन्यवृक्ष पानं ढाळतात. झाडणाऱ्या मावशी ती जाळायच्या. आता गोणीत भरून मला हाक मारतात. ही पानं दिवसभर अमृतजलात बुडवायची, मग पानांचा जाड थर, त्यावर मूठभर माती, पुन्हा पानं असं रचायचं आणि आठवड्याला एकदा ढीग उलटायचा. महिन्याभरात हाताला मऊ लागणारी, पावसाच्या पहिल्या सरीचा वास असलेली काळी माती होते. तो वास ॲक्टिनोमायसीट या सूक्ष्मजीवांचा. ते जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात, तेच आपल्या नाकाला इतकं ओळखीचं. या मातीचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे वजन. पाचोळ्याची कुंडी निव्वळ मातीच्या कुंडीपेक्षा खूप हलकी असते. कुंड्या स्टँडवर आणि खाली ट्रे, एवढं पाळलं की स्लॅब गळण्याच्या भीतीने गच्ची नाकारणारे सेक्रेटरीही ऐकून घेतात.

जुलैत टोमॅटो आणि मिरचीची रोपं मुळाशी काळी पडून आडवी होतात. आमच्या पट्ट्यातल्या धो धो पावसात हे ठरलेलं. पिथियमसारख्या बुरश्या साचलेल्या पाण्यात फोफावतात आणि कोवळी खोडं कुजवतात. यावर ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी कामाला येते. ती रोगट बुरशीच्या तंतूंना विळखा घालते, त्यांची भिंत विरघळवते आणि आतला रस पिते. पुडीतली पावडर पाण्यात कालवून ओतली की संपलं, असं मी करत नाही. चांगल्या कुजलेल्या गांडूळखतात ती मिसळते, ओलं पोतं झाकून सावलीत आठ-दहा दिवस ठेवते. पोतं उचललं की खतावर हिरवट बुरशीचे ठिपके दिसतात. तेव्हा ते खत रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये जातं. पुडी घेताना तारीख आणि जिवंत बीजाणूंची संख्या वाचावी. ट्रायकोडर्माचं प्रमाण ग्रॅममागे किमान वीस लाख असावं लागतं. दुकानदाराने खोकं उन्हात ठेवलं असेल, तर तारीख कितीही पुढची असो, मी ते घेत नाही.

आता कीड. डोंबिवलीच्या हवेत धूळ आणि काजळी आहे, हे सांगायला नको. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, याच्या बातम्या देशभर गेल्या. गच्चीवर मात्र रोजचं नुकसान साध्या धुळीने होतं. धुळकट पानांवर लाल कोळी वाढतात, कारण कोळ्यांना खाणाऱ्या मित्रकीटकांना धूळ सोसत नाही. म्हणून माझी पहिली फवारणी निव्वळ स्वच्छ पाण्याची. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी पानं खालून धुते. लाल कोळी तेवढ्यानेच निम्मे होतात.

पिठ्या ढेकणाची गोष्ट निराळी. जास्वंद, पपई, भेंडी, जिथे कोवळा शेंडा तिथे पांढरा कापूस. पपईवरचा पिठ्या ढेकूण तर परदेशी पाहुणा. २००८ साली तो कोइमतूरला सापडला, तिथून पसरला. पुढे २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस नावाचा बारीक परजीवी कीटक आणून देशात सोडला, आणि त्याने ही कीड आटोक्यात आणली. शेतकरी मारून मारून थकले त्या औषधांना जे जमलं नाही, ते त्या इवल्याशा किड्याने केलं.

स्टेशनबाहेर पालेभाजी विकणारी एक मावशी आहे, मलंगगडाच्या बाजूची. तिच्याकडे मी जास्वंदीच्या शेंड्याची तक्रार केली आणि कुठलं औषध आणू, असं विचारलं. ती म्हणाली, “ताई, औषीद मारून काय व्हनार? पयलं मुंग्या हाकला.” घरी येऊन जास्वंदीच्या बुंध्याशी बसले आणि पाहिलं. काळ्या मुंग्यांची रांग खोडावरून सरळ शेंड्याकडे. एक मुंगी एका पिठ्या ढेकणापाशी थांबली, मिशांनी त्याला थोपटलं, त्याने मागून चिकट थेंब सोडला, तो पिऊन ती खाली निघाली. याच गोड चिकटाच्या बदल्यात मुंग्या ढेकणांची राखण करतात आणि ढेकूण खायला येणाऱ्या ढालकिड्यांना हुसकतात. पानांवरची काळी बुरशीसुद्धा त्या सांडलेल्या चिकट्यावरच वाढते. खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावलं, कुंडीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, जेणेकरून मुंग्यांना दुसरी वाट राहू नये.

काही दिवसांनी शेंड्यावर एक पांढरं, केसाळ, लोकरीच्या पुंजक्यासारखं काहीतरी चालताना दिसलं. इथे थांबून नीट बघायला हवं, कारण हात आपोआप चिमटीकडे जातो. ते पिठ्या ढेकूण नव्हतं, ढालकिड्याची अळी होती. क्रिप्टोलिमस आणि त्याच्या जवळच्या जातींच्या अळ्या अंगावर तसंच पांढरं मेण वागवतात आणि ढेकणांच्या घोळक्यात बेमालूम मिसळतात. फरक असा: अळी ढेकणापेक्षा मोठी असते आणि हात लावला की भराभर पळते. ढेकूण फार तर रेंगाळतो. क्रिप्टोलिमस मूळचा ऑस्ट्रेलियातला, १८९८ साली भारतात आणला गेला. शहरातली माणसं त्याच्या अळ्या चिरडतात आणि मग औषधाच्या दुकानात जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

एवढं करूनही कीड उरते, तेव्हा पंप बाहेर काढायचा. निंबोळी अर्क घरी होतो: निंबोळीच्या बियांची पन्नास ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालून गाळायची आणि अंघोळीच्या साबणाचा चुरा किंवा रिठ्याचं पाणी थोडं घालायचं. कपडे धुण्याची पावडर पानं करपवते. निंबोळ्या जूनच्या तोंडावर झाडाखाली पडतात, त्या वेचून सावलीत वाळवून ठेवते. फवारणी उन्हं उतरल्यावरच, कारण कडक उन्हात ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही. आणि पानाच्या खालच्या बाजूने, कारण मावा आणि पांढरी माशी तिथेच बसतात. पावसाळ्यात मात्र निंबोळी अर्क धुऊन जातो. तेव्हा व्हर्टिसिलियम ही बुरशी वापरावी, लिटरला पाच ग्रॅम, पावसाची उघडीप बघून संध्याकाळी. ती किडीच्या अंगावर रुजायला दमट हवा मागते. विदर्भातल्या शेतकऱ्याला ती हवा शोधावी लागते, आमच्या ठाणे-कल्याणात ऑगस्टमध्ये ती ओसंडून वाहते. म्हणून आमच्याकडे या बुरश्यांचा उपयोग जास्त व्हायला हवा, पण नर्सरीवाले पुढे करतात तो रासायनिक डबाच.

दशपर्णी अर्क मी गच्चीवर करत नाही. त्यात पडणारी रुई आणि कण्हेर विषारी, वासही शेजाऱ्यांना महिनाभर सोसवत नाही, आणि शेपू-पालक ज्या वाफ्यात आहे त्यावर तो मारावासा वाटत नाही. त्यासाठी येऊरच्या जंगलातून निर्गुडी-करंज ओरबाडून आणणारेही मी पाहिलेत. ते जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे पान तोडायलाही बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. बुरशीच्या रोगांवर बोर्डो मिश्रण करायचंच असेल तर लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र. त्यात लोखंडी खिळा बुडवावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालावा. ट्रायकोडर्माच्या कुंडीत मात्र ते चुकूनही पडू देऊ नये, मोरचूद तिलाही मारतं.

या वर्षी अळू, मिरची आणि दुधी आहेत. मृग लागायच्या आत जास्वंदीच्या खोडावरची ग्रीसची पट्टी बदलायची आहे, जुनीवर धूळ बसून ती सुकली आहे आणि मुंग्या पुन्हा त्यावरून जायला लागल्या आहेत.