आत्याच्या कवड्या आणि एक चौकोन

विषय जरा टेक्निकल आहे, पण घरच्यांनी पळून जाऊ नका. तुमचाही उल्लेख येणार आहे!

आत्या आणि चल्लस-आठ हे समीकरण आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पाच बाय पाचचा पट, चार कवड्या, प्रत्येकी चार सोंगट्या. चारही कवड्या उताण्या पडल्या की चल्लस, चारही पालथ्या पडल्या की आठ. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जमिनीवर बसणं बंद झालं. पट माळ्यावर गेला. "टेबलावर मांडून मजा नाही येत रे, कवड्या घरंगळतात," असं ती म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात किडा शिरला. फोनवर खेळता येईल असा चल्लस-आठ करायचा. डाउनलोड नको, इन्स्टॉल नको, लिंक दाबली की ब्राउझरमध्येच पट उघडला पाहिजे.

युनिटी मला थोडंफार येतं. महिनाभर रात्री जागून गेम केला. खऱ्या कवड्यांचा आवाज रेकॉर्ड केला. माळ्यावरच्या त्या पटाचा फोटो काढून तोच गेममध्ये वापरला. 'आत्या' हा शब्द पडद्यावर नीट दिसेना, कारण युनिटीच्या नेहमीच्या अक्षरयंत्रणेला आपली जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. 'त'चा पाय मोडून शेजारी 'या' उभा! शेवटी नावाचं चित्रच करून चिकटवलं. मग बिल्ड केला, माझ्या लॅपटॉपवर खेळून पाहिला, झकास चालला. रात्री दोन वाजता फुकटच्या एका सर्व्हरवर चढवला, फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली आणि झोपलो.

सकाळी अकरा अंगठे आणि सहा टाळ्या. "वा!", "ग्रेट!", "घराण्याचं नाव काढलंस!" आत्याला फोन केला तर म्हणाली, "खेळले रे, छान झालाय."

दिवाळीत साताऱ्याला गेलो. म्हटलं, चल आत्या, एक डाव होऊन जाऊ दे. तिने फोन पुढे केला, पण चेहरा जरा पडलेला. लिंक उघडली. वर इंग्रजीत एररची पट्टी, खाली काळाकुट्ट चौकोन.

"रोज असंच होतं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. खालच्या मेडिकलमधल्या मुलाला दाखवलं, तो म्हणाला फोन जुना झालाय. दादाला नवीन फोनचं विचारणार होते, पण दिवाळीचा खर्च..."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढं केलंस माझ्यासाठी. कसं सांगणार?"

काय बोलणार? चूक तिची नव्हती, फोनचीही नव्हती. माझी होती. बिल्डच्या सेटिंगमध्ये कॉम्प्रेशन फॉरमॅट म्हणून मी ब्रॉटली निवडलं होतं. त्याने फाइली छान लहान होतात. पण त्या पाठवताना सर्व्हरने 'कंटेंट-एन्कोडिंग' नावाची एक सूचना सोबत पाठवावी लागते, की बाबा रे, हे दाबून भरलंय, आधी उलगडून घे. ती नसेल तर ब्राउझर ते गाठोडं तसंच वाचायला जातो आणि त्याला काही बोध होत नाही. तयार उपम्याच्या पाकिटावर 'गरम पाणी घाला' लिहायचं राहिलं तर खाणारा कोरडंच चावत बसेल, तसं. माझ्या लॅपटॉपवर युनिटीचा स्वतःचा छोटा सर्व्हर ती सूचना आपणहून देतो, म्हणून तिथे चाललं. मी घेतलेल्या फुकटच्या जागी ती देण्याची सोयच नव्हती.

यावर उपाय म्हणजे 'डिकॉम्प्रेशन फॉलबॅक' नावाचा एक छोटा चौकोन. त्यात बरोबरची खूण केली की उलगडणारा प्रोग्रॅम गेमसोबतच जातो. गेम सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण सर्व्हरच्या मर्जीवर राहावं लागत नाही. एक खूण! त्यापायी आत्या नवा फोन घ्यायला निघाली होती.

आता खरी गंमत सांगतो. खूण केली, पुन्हा चढवला, लॅपटॉपवर चालला. आत्याच्या फोनवर पट क्षणभर दिसला आणि पान आपोआप पुन्हा लोड झालं. पुन्हा तेच. मग शोधता शोधता पटाच्या फोटोपाशी पोचलो. तो होता ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचा. बिल्डमध्ये त्याचं कॉम्प्रेशन कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला मानवणारं होतं. बहुतेक फोनना ते समजत नाही, मग चित्र पूर्ण उलगडून मेमरीत ठेवावं लागतं. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एकट्या पटाचे ६४ एमबी! शिवाय पार्श्वभूमी तेवढीच मोठी. बिचारा फोन दमून जायचा. चित्रांचा मॅक्स साइज १०२४ केला, म्हणजे प्रत्येकी फार तर ४ एमबी. कॉम्प्रेशनही फोनना चालणारं निवडलं. आत्याच्या पाच-सहा इंची पडद्यावर फरक औषधालाही दिसला नाही. आवाजासाठी सुरुवातीला 'खेळा' असं बटण टाकलं, कारण माणसाने पडद्याला हात लावल्याशिवाय ब्राउझर आवाज करू देत नाहीत.

पूर्वी ब्राउझरमधले गेम म्हणजे फ्लॅश. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट संपला. आता तेच काम वेबअसेम्बली करते, वेगळं प्लगइन लागत नाही. म्हणून मला वाटायचं, चला, कटकट मिटली. कटकट मिटलेली नाही, ती बिल्ड सेटिंगच्या पानावर राहायला आलीय. आणि तिथली उत्तरं मी माझा लॅपटॉप, माझं वायफाय डोळ्यांसमोर ठेवून भरत होतो. ज्या बाईसाठी गेम केला तिचा फोन महिनाभरात एकदाही हातात घेतला नव्हता.

असो. आता फॅमिली ग्रुपसाठी दोन शब्द. ती लिंक त्या दिवशी कुणाकडेच चालत नव्हती. म्हणजे अकरा अंगठेवाल्यांपैकी ती एकानेही उघडली नव्हती, बरोबर? (काका, तुम्ही तर "ग्राफिक्स अप्रतिम" लिहिलं होतंत!) रागावलो नाहीये. अपलोड केल्यावर मी तरी कुठे उघडून पाहिली होती? रोज संध्याकाळी न चुकता उघडणारी एकटी आत्याच.

काल तिचा फोन आला. म्हटलं, चालतोय ना आता? खरं सांग.

"चालतो रे. पण तुझा तो कॉम्प्युटर लबाड आहे. सारखं आठ कसं पडतं त्याला? आणि भांडतही नाही मेला."

एवढी मनापासूनची तक्रार ऐकून बरं वाटलं. आठचं प्रकरण आज रात्री तपासतो.