मेंदूतील शेजार

रक्तवाहिनी म्हणजे रक्त वाहून नेणारी नळी, अशीच आपणां सामान्यांची समजूत असते. नळाने पाणी आणावे. झाडाने केव्हा फुटावे, हे त्याने सांगू नये! मेंदूत मात्र ही नळी तेही सांगते.

प्रौढ मेंदूत नवी मज्जापेशी जन्मत नाही, असे शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत. १९६२ साली अमेरिकेत जोसेफ आल्टमन यांनी प्रौढ उंदरांत तशा पेशींच्या खुणा दाखविल्या. तरी जगाला ते पटण्यास कित्येक वर्षे लागली. ज्यांच्यापासून मज्जापेशी घडतात त्या मूलपेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या शेजारी वस्ती करून असतात, हे पुढे दिसून आले. या शेजाराचा अर्थ काय?

२००४ साली सॅली टेंपल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भातील मूलपेशी भांड्यात वाढविल्या. सच्छिद्र पडद्यापलीकडे रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी ठेवल्या. स्पर्श नाही, केवळ पाझरणारी द्रव्ये. तेवढ्यानेही मूलपेशी आपले मूलपण राखून वाढत राहिल्या आणि अस्तराच्या पेशी दूर करताच त्यांच्यापासून एरवीपेक्षा अधिक मज्जापेशी निपजल्या. २०१४ साली उंदरांवरील दुसऱ्या संशोधनात उलट बाजू दिसली: प्रत्यक्ष स्पर्श असला, तर हेच अस्तर मूलपेशींना स्वस्थ बसविते, म्हणून त्यांचा साठा टिकतो. दुरून उत्तेजन, जवळून आवर! आम्हां मास्तरांना ही रीत अपरिचित नाही.

भाषेच्या शिक्षकाने या वाटेला जावे, यास कारण घडले. आमच्या थोरल्या बंधूंना अर्धांगवायू झाला. वाचा अडखळते, उजवा हात उठत नाही. अशात कोणा आप्ताने 'मूलपेशींच्या सुयां'चे एक पत्रक आणून दिले. खर्च लाखांत. वहिनींनी पाटल्या काढून आमच्यापुढे ठेवल्या व म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही वाचून सांगा."

आम्ही वाचले. झटक्यानंतर उंदराच्या मेंदूत नव्या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेने जखमेकडे सरकतात, हे खरे; त्यांतील बहुतेक मरतात, हेही खरे. प्रौढ माणसात अशा पेशी जन्मतात की नाही, यावर २०१८ साली दोन संशोधक-गटांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष छापले. अर्धांगवायूवर मूलपेशींचा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितले. व्यायाम आणि बोलण्याचा सराव सोडू नका म्हणाले.

पाटल्या आम्ही वहिनींच्या हाती परत दिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पत्रक मात्र त्यांनी फाडले नाही. घडी घालून देवघराच्या फळीवर ठेवले.