गिळता आलं, तरी परत या

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आधी नागलीची भाकरी अडकते. मग भात उतरेनासा होतो आणि माणूस पेजेवर येतो. घास बदलत बदलत महिने जातात. दुर्बिणीची तपासणी होते तेव्हा अन्ननलिकेतली कर्करोगाची गाठ बऱ्याचदा भिंतीपार गेलेली असते.

घरचे म्हणतात, गाठ आहे तर काढून टाका. आधी केमो कशाला? प्रश्न रास्त आहे. पण न दिसणाऱ्या पेशी तोवर गाठीबाहेर पडलेल्या असू शकतात. आधी दिलेलं औषध त्यांचा पाठलाग करतं आणि गाठही आकसवतं. जपानमधल्या ३३० रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी केमो घेतलेले ५५ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. नंतर घेतलेले ४३ टक्के. २०२४ साली तिथूनच दुसरा मोठा निष्कर्ष आला: दोनऐवजी तीन औषधं दिली, तर तीन वर्षांनी ६३ ऐवजी ७२ टक्के रुग्ण जगतात.

मात्र तीन औषधं सोसायला अंगात बळ लागतं. पांढऱ्या पेशी घसरतात, ताप आला तर जिवावर बेततं. जव्हारच्या वावर-वांगणीतल्या १९९२-९३च्या बालमृत्यूंमुळे ज्या भागाची उपासमार राज्याला दिसली, तिथल्या रुग्णाला सलाईनच्याही आधी अन्न हवं. तोंडावाटे जात नसेल तर नाकातल्या नळीवाटे.

आणि मग खरा धोक्याचा टप्पा येतो. एक-दोन डोसांत अनेकांचा घास मोकळा होतो. भाकरी पुन्हा उतरते, घरात आनंद होतो आणि रुग्णाला वाटतं, बरा झालो. त्यात दिवाळी उलटलेली असली की वीटभट्टीचा मुकादम कामावर न्यायला दारात असतो. गाठ मात्र जागेवरच असते. आधीची केमो शस्त्रक्रियेची तयारी आहे, हे पहिल्याच दिवशी, रुग्णाच्या बोलीत, बायकोमुलांसमोर सांगायला हवं.

मोखाड्याहून खोडाळामार्गे कसारा, तिथून लोकलने दादर, मग परळचं टाटा रुग्णालय. १९४१ पासून राज्यभरचे रुग्ण तिथे येतात. महात्मा फुले योजनेतून उपचाराचा खर्च निघू शकतो, सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी निघत नाही. म्हणून दोन डोसांमधली रक्ततपासणी आणि वजन जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्यातच व्हावं, अहवाल फोनवरून परळला जावा आणि पुढच्या डोसाची तारीख पाड्यावरच्या आशाताईंच्या वहीतही लिहिलेली असावी.