ओल कोठून आली?

घरांत ओल दिसली कीं पहिला संशय वरच्या मजल्यावर जातो. आणि तेथें धाकट्या भावाचें बिऱ्हाड असेल तर तो उघड बोलूनहि दाखवितां येत नाहीं. महालांतील आमच्या जुन्या घरीं आत्याबाईंच्या खोलीच्या भिंतीला ओल आली तेव्हां असेंच झालें. आत्याबाईंना दमा. रात्रीं त्यांना खोकल्याची उबळ आली कीं आमची सौ. छताकडे पाहून सुस्कारा टाकी, आणि दुसऱ्या दिवशीं जावाजावांचें बोलणें कामापुरतेंच होई. पुढें तर निराळ्या चुलींची भाषा निघाली.

गवंडी म्हणाला, "गिलावा फोडून सिमेंटचा करूं." मला तें पटलें नाहीं. जुन्या चुन्याच्या भिंतीस सिमेंट थापल्यानें पाणी थांबत नाहीं. त्याची बाहेर पडण्याची वाट तेवढी बुजते, आणि तें आणखी वर चढतें.

ओल कोठली हें तिच्या जागेवरून व वेळेवरून ओळखावें. जमिनींतून चढणारी ओल बहुधा दोन-अडीच हातांवर थांबते व सुकतां सुकतां पांढरा लोणा मागें ठेवते. नागपूरची काळी माती पावसाचें पाणी फार दिवस धरून ठेवते, म्हणून जुन्या घरांना हा रोग नवा नाहीं. गच्चींतली ओल पावसामागोमाग वरून उतरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचें पाणी कांठच्या वस्त्यांत शिरलें. त्या घरांना तर कारण शोधावेंच लागलें नाहीं.

आमची ओल मात्र भर वैशाखांतली! पारा पंचेचाळीस अंशांवर, आणि खिडकीशेजारीं कमरेइतक्या उंचीवर भिंत भिजलेली. वरच्या न्हाणीघराचा नळ त्याच भिंतीवरून खालीं येतो, तेव्हां निकाल लागल्यासारखाच होता. मी डागाच्या कडेनें पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घातली आणि शेजारीं कांचेचा तुकडा चारी कडांनीं चिकटविला. दोन दिवसांनीं थेंब दिसले ते कांचेच्या भिंतीकडील बाजूस; म्हणजे हें खोलींतल्या दमट हवेचें दंव नव्हतें. मग भावानें वरचें न्हाणीघर तीन दिवस बंद ठेविलें. सारीं मंडळी खालीं आंघोळीला येत. मुलांना तर सणच वाटला. तरी डाग रेघ ओलांडून दोन बोटें पुढें सरकला!

आतां उरला आत्याबाईंच्या खिडकींतला कूलर. वाळ्याच्या ताट्यांची जागा त्यानें घेतली खरी, पण पाणी त्यालाहि हवेंच. तो चार दिवस बंद ठेवतांच ओल आंत सरूं लागली. पाहतों तों टाकीच्या पत्र्याचा सांधा कुजलेला; थेंब लोखंडी ब्रॅकेटावरून ओघळत थेट भिंतीच्या पोटांत. पाणी शिरतें एकीकडे आणि दिसतें दुसरीकडे.

"म्हणजे माझ्याच गारव्यापायीं तुमच्या चुली वेगळ्या होत होत्या कीं!" आत्याबाई म्हणाल्या. धाकटी भावजय प्रथमच मोकळी हंसली.

भिंत सुकण्याचा ठोकळ हिशेब इंचाला एक महिना. आमची दीड फूट जाड, आणि मध्यें पावसाळा. रंगारी निदान दीड वर्ष तरी बोलवावयाचा नाहीं असें ठरलें.